‘मॅडम, कायबी लावलं नाही बघा!’

सात रस्त्यावर दवाखाना टाकला की पेशंट कुठून येणार ही चिंता राहत नाही. विजापूर रोड, होटगी रोड, रंगभवन, स्टेशन, कुठूनही निघालेली रिक्षा इथून जातेच. त्यामुळे आमच्या बाकावर रोज तीन भाषा बसलेल्या असतात. पूर्व भागातल्या विडी कामगार अक्का तेलुगूत कुजबुजतात, इंडी-आळंदकडची मंडळी कन्नडात आणि मोहोळ-मंगळवेढ्याचे शेतकरी मराठीत. तक्रार मात्र तिन्ही भाषांत एकच: खाजतंय.

मी इथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे कंपाउंडर आहे. नंबर लावायचे, मलम कुठं आणि किती लावायचं ते समजवायचं, टेस्टच्या पट्ट्या चिकटवायच्या, ही माझी कामं. पण ज्याचा पगारात उल्लेख नाही असं एक काम आणखी आहे. ते म्हणजे कान उघडे ठेवणं. केबिनमध्ये माणूस जपून बोलतो आणि बाकावर शेजारच्या अनोळखी मावशीला घरचं सगळं सांगून टाकतो. त्यातलं कामाचं तेवढं मी आत पोचवतो. ॲलर्जीच्या पुरळाचं हेच आहे. औषधानं ते दबतं, पण कारण हाती लागलं नाही तर पंधरा दिवसांत त्याच जागी परत हजर. म्हणून पुढचे किस्से औषधांचे कमी आणि शोधाशोधीचे जास्त आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं आणि नाती थोडी इकडची तिकडे केली आहेत.

मलमाचीच ॲलर्जी

एका काकांच्या पोटरीला सायकलचं पायडल लागलं होतं. जखम एवढीशी, पण भोवती तळहाताएवढा भाग लालभडक, पाणी सुटलेला, खाजून बेजार. मॅडमनी विचारलं, “यावर काय लावलंत?”

“कायबी लावलं नाही बघा.”

बाहेर आल्यावर तेच काका शेजाऱ्याला सांगत होते, “रोज दोन टाइम जखमेचं मलम लावतंय की, तरी वाढतंयच.” मी आत जाऊन सांगितलं. काका खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबात जखमेचं मलम हे ‘लावणं’ नव्हतंच. घरात असतं, लावलं, एवढंच. त्या ट्यूबमध्ये निओमायसिन होतं. जखमेच्या मलमांत सर्रास असणारं हे अँटिबायोटिक काही जणांच्या त्वचेला मुळीच चालत नाही. पुरळ वाढलं म्हणून काका मलम वाढवत होते आणि मलम वाढलं म्हणून पुरळ वाढत होतं. ट्यूब बंद केली, मीठपाण्याच्या घड्या ठेवल्या, मॅडमनी लिहिलेलं औषध थोडे दिवस लावलं, पाय सुकला.

तेव्हापासून आमच्याकडे पिशवीची पद्धत आहे. नंबर लावतानाच मी सांगतो, घरात अंगाला लावायचं जे जे असेल ते पिशवीत घालून आणा. तेल, साबण, पावडर, टिकलीचं पाकीट, केसांचा रंग, सगळं. पिशवी टेबलावर उलटी केली की माणूस जे सांगत नाही ते ती सांगते. तुरटी निघते, कडुलिंबाची पूड निघते, कुणा नातेवाइकाची अर्धी वापरलेली ट्यूब निघते. एका आजींच्या पिशवीत बिब्बा निघाला होता. टाचेच्या भेगांवर तो तापवून लावायची जुनी रीत. त्याचा रस कातडीला जाळतो आणि कित्येकांना जबर ॲलर्जीही आणतो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला हाच रस वापरायचे आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमकं त्या खुणेखाली पुरळ उठायचं. डॉक्टरी पुस्तकांत त्याला धोब्याच्या नावानं ओळखतात.

पण पिशवीतली सगळ्यात नेहमीची वस्तू म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली तीन-चार औषधांची मिसळ असलेली ट्यूब. त्यात जोरकस स्टिरॉइड असतं, म्हणून दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पुरळ ॲलर्जीचं नसून नायटा असेल तर आत बुरशी पसरत राहते. ट्यूब चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसायला लागतात, बायकांना लव येते आणि ट्यूब सोडली की आग होते. 2018 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कागदावर हे झालं. पिशवी मात्र अजून रिकामी झालेली नाही.

उलट टोकाचीही माणसं भेटतात. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकला की ट्यूब न उघडताच परत घेऊन येतात. मॅडम त्यांना सांगतात, हे औषध वाईट नाही, पण किती दिवस, कुठल्या जागी आणि केवढं, हे आम्हाला ठरवू द्या. ‘केवढं’ ते दाखवायचं काम माझं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. लोक एक तर नखाएवढं लावतात नाही तर श्रीखंडासारखं थापतात.

हनुवटी वर करा

साठीतले एक शेतकरी बाकावर बसले की बाजूची जागा आपोआप रिकामी व्हायची. चेहरा काळवंडून जाड झालेला, पापण्या सुजलेल्या, मान खाजवून खाजवून सोललेली. लोकांना वाटायचं लागण होईल. त्यांना आधी कुणी तरी उन्हाची ॲलर्जी म्हणून छत्री आणि क्रीम दिलं होतं.

मॅडमनी त्यांना फक्त हनुवटी वर करायला सांगितली. मग कान पुढं वळवून मागं पाहिलं, डोळे मिटायला लावून वरच्या पापण्या पाहिल्या. या जागा ऊन सहसा गाठत नाही. निव्वळ उन्हानं उठलेलं पुरळ हनुवटीखालची, कानामागची कातडी बहुतेक सोडून देतं. इथं पुरळ नेमकं तिथंच बसलं होतं, शिवाय कोपराच्या आतल्या बाजूला. म्हणजे जे काही होतं ते हवेतून येत होतं. मॅडम म्हणाल्या, “गाजर गवत.”

सोलापुरात या गवताची ओळख करून द्यायला नको. पहिला पाऊस पडला की रिकामे प्लॉट, रुळांच्या कडा, पडीक रानं त्याच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं त्याचा बोभाटा 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यापासून झाला. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या गव्हाबरोबर बी आलं, असं सांगितलं जातं. थोड्याच वर्षांत पुण्याच्या परिसरात लोकांच्या तोंडावर, मानेवर चिवट पुरळ दिसू लागलं. 1974 मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन या डॉक्टरांनी या गवतानं होणाऱ्या त्वचारोगावर निबंध लिहिला आणि पुण्याच्या रानातलं दुखणं जगाच्या पुस्तकांत गेलं. दोष गवतातल्या पार्थेनिन आणि त्याच्या भावंड रसायनांचा. गवताला हात लावायलाच हवा असं नाही. वाळलेल्या पानाफुलांची धूळ वाऱ्यावर येते आणि उघड्या कातडीवर बसते.

त्या शेतकरी काकांना सांगितलं, दोन महिने शेतात जायचं नाही. औषधं सुरू झाली, थोडा उतार पडला आणि महिन्याभरात परत तेच. काका शपथेवर सांगायचे, “रानाकडं फिरकलो नाही.” खरंच फिरकले नव्हते. त्या दिवशी काकू बाकावर बसून दुसऱ्या बाईला कौतुकानं सांगत होत्या, “आता ह्यांना रानात जायला नको. मीच बांधावरचं गवत कापून आणतंय. हे बसल्या बसल्या दारात भारे सोडून म्हशीला टाकतेत.”

मी विचारलं, “काकू, भाऱ्यात गाजर गवत येतं का?”

“येतंय की थोडं. म्हैस तोंड लावत नाही त्याला. हे निवडून बाजूला काढतेत.”

म्हणजे काका रानात जात नव्हते, रानच रोज दारात येत होतं. आणि काका ते हातानं निवडत होते.

मग भारे सोडायचं काम मुलानं घेतलं, काका खोलीची खिडकी लावून झोपायला लागले, कपडे उघड्या बांधावर वाळत घालणं बंद झालं. बाहेर पडताना पूर्ण बाह्या, उपरणं, घरी येताच अंघोळ आणि कपडे बदलणं. मॅडमनी ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या सुरू केल्या. दीर्घकाळचं स्टिरॉइड टाळायला या आजारात त्या उपयोगी पडतात, पण ठरावीक काळानं रक्तातल्या पेशी आणि लिव्हर तपासावं लागतं. काका चिठ्ठीवरच्या तारखेला रक्त द्यायला न चुकता यायचे. आजार मुळापासून गेला नाही, तो सहसा जातही नाही. पण बाकावर त्यांच्याशेजारी लोक बसायला लागले.

1980 च्या दशकात या गवतावर उतारा म्हणून मेक्सिकोतून एक भुंगेरा आणून बंगळूरकडं सोडला होता. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो. पण बी मातीत टिकून राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवतं. फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटणं, याला अजून तरी सोपा पर्याय नाही.

वांग्यावर आळ

सोलापूरकराला पुरळ उठलं की पहिला आरोपी ठरतो तो जेवणातला पदार्थ. आमच्याकडं लोक येतात तेव्हा वांगं, दही, अंडं आधीच बंद झालेलं असतं. एका मास्तरांनी तर शेंगाची चटणीसुद्धा सोडली होती. सोलापुरात ही शिक्षाच.

अशीच एका लग्नाची गोष्ट. नवरीचे वडील मांडव उतरल्यावर दोन दिवसांनी आले ते डोळे उघडत नव्हते. कपाळ, कान, मान सुजलेली, केसांच्या रेषेला पाणी सुटलेलं. सोबतची मंडळी एकमतानं सांगत होती, “आचाऱ्यानं वांग्यात काय तर घातलंय.” पंगतीत एवढी माणसं जेवली, सूज एकट्या वधूपित्याला.

मॅडमनी विचारलं, “लग्नाआधी केस रंगवले?”

“हो, पण त्याचं काय? मी गेली कित्येक वर्षं तोच रंग लावतो.”

इथंच सगळे फसतात. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. शरीराला त्या वस्तूची ओळख पटायला काही जणांना वर्षं लागतात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ हजर. रंग लग्नाच्या आदल्या दिवशी लागला, पुरळ लग्नानंतर उठलं, मधे जेवण झालं, म्हणून आळ वांग्यावर. काळ्या रंगात पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीन डायअमाइन नावाचं रसायन असतं. झटपट काळं करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते घातलेलं असतं. नुसती मेंदी केसांना तांबूस करते. तासाभरात काळंभोर झालं तर त्यात आणखी काहीतरी आहे हे समजून घ्यावं. खोक्यावर लिहिलेलं असतं की आधी थोडा रंग कानामागं लावून 48 तास थांबा. पण लग्नघरात 48 तास थांबायला कोण बसलंय?

त्यांना रंग कायमचा बंद, थोडे दिवस गोळ्या, सूज उतरली. मास्तरांचंही नंतर निघालं ते घड्याळाच्या पट्ट्यातलं निकेल. शेंगाची चटणी ताटात परत आली, त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पुडी आणली.

पाठीवरचे चौकोन

कारण बोलण्यातून निघत नाही तेव्हा पॅच टेस्ट. 1895 मध्ये याडासोन या जर्मन डॉक्टरनं ही पद्धत मांडली आणि तिचं मूळ अजून तेच आहे. संशयित वस्तू थोडीशी कातडीवर बांधून ठेवायची आणि वाट पाहायची. आमच्या मागच्या खोलीत मी पाठीवर ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतो. एकेका वाटीत एकेक पदार्थ: निकेल, क्रोमियम, रबरातली रसायनं, सुगंध, निओमायसिन, गाजर गवत. 48 तासांनी पट्ट्या काढायच्या, लाल काय झालं ते बघायचं, पेनच्या खुणा तशाच ठेवून आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. काही ॲलर्जी उशिरानं बोलतात.

या काळात पाठ भिजवायची नाही, घामही नको. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, तेव्हा पट्टी दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून टेस्ट होता होईल तो थंडीत. पण थंडीत संक्रांत येते आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. एका तरुणाला पट्ट्या लावून पाठवलं आणि तो दुसऱ्या दिवशी नंदीध्वज पेलायच्या सरावाला गेला. एवढा उंच, जड ध्वज पेलताना घाम काय थांबतो? पट्ट्या बाराबंदीला चिकटून आल्या. “आंघोळ करू नका म्हणालात, नंदीध्वज धरू नका कुठं म्हणालात?” बरोबर होतं त्याचं. आता जानेवारीत पट्टी लावण्याआधी मी नंदीध्वजाचं विचारतोच.

या टेस्टनं एका गवंड्याची भानगड सोडवली. हाताला सिमेंटनं पुरळ येतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो रबरी हातमोजे घालायला लागला. पुरळ कमी व्हायचं सोडून मनगटापर्यंत चढलं. टेस्टमध्ये दोन वाट्या लाल निघाल्या: एक सिमेंटमध्ये सापडणाऱ्या क्रोमियमची, दुसरी रबराच्या रसायनांची. उपाय म्हणून घातलेले मोजेच दुसरं कारण झाले होते. मग दुसऱ्या जातीचे मोजे, आत सुती मोजे आणि काम संपलं की हात धुऊन व्हॅसलीन.

काही जण थेट मागणी करतात, “ती शंभर पदार्थांची ब्लड टेस्ट लिहून द्या.” वस्तू लागून येणारं पुरळ त्या टेस्टमध्ये दिसतच नाही. आणि कागदावर एखादा पदार्थ पॉझिटिव्ह आला म्हणजे तो खाल्ल्यानं त्रास होतोच असंही नाही. तो कागद घेऊन लोक निम्मं जेवण सोडतात.

कपाळ आणि गेरू

टिकलीचं प्रकरण नाजूक असतं. विडी कारखान्यात जाणाऱ्या एका अक्कांच्या कपाळावर नेमकं टिकलीएवढं पुरळ, भोवती पांढरा डाग. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनानं असं होतं आणि कधी कधी त्या जागेचा रंगच जातो. टिकली बंद करा म्हटल्यावर त्या रडवेल्या झाल्या. सासू काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल! बाकावरच्या एका आजीनं स्वतःच्या कपाळावरचं गोंदण दाखवलं आणि म्हणाली, “आमचं बघ, ना चिकटवायचं ना पडायचं.” सगळं बाक हसलं. मॅडमनी सासूबाईंनाच आत बोलावून डाग दाखवला आणि टिकली चालू राहिली तर तो वाढेल हे सांगितलं. पुढच्या खेपेला अक्का मोकळ्या कपाळानं आल्या, सोबत सासूबाई.

अंगावर पित्त उठलं, गांध्या आल्या की आपल्याकडं आमसुलाचं पाणी, वर घोंगडं, नाही तर गेरू. गेरू फासून आलेला पेशंट नखशिखांत तांबडा असतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. धुऊन येईपर्यंत गांध्या गायब. पित्ताची प्रत्येक गांधी सहसा 24 तासांच्या आत विरते आणि दुसरीकडं उठते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, उठलं की मोबाइलवर फोटो काढा. डाग दिवसेंदिवस त्याच जागी राहिला तर आजार वेगळा असू शकतो. सहा आठवड्यांवर चाललेल्या पित्ताला झोप न आणणाऱ्या अँटिहिस्टामिन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्याव्या लागतात. ‘उठलं की एक’ असं चालत नाही. आणि कुठली दुखण्याची गोळी घेतल्यावर हे सुरू झालं का, हे आठवून सांगावं. पुष्कळदा तिथंच उत्तर असतं.

वाचकांना एवढंच सांगणं. पुरळ उठलं तर जेवण सोडण्याआधी गेल्या आठवडाभरात अंगाला काय काय लागलं त्याची यादी करा. मेडिकलमध्ये जाऊन “खाजेची ट्यूब द्या” म्हणू नका. पण ओठ, जीभ किंवा डोळे अचानक सुजले, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा चक्कर आली, तर आमच्याकडं नंबर लावायला येऊ नका. त्या वेळी मलम नाही, मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. रिक्षा करा आणि थेट सिव्हिल किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.